सात यंत्रं आणि तापाईचं मडकं

"या गिरणीत डासानं ढेकर दिला, तरी माझ्या यंत्रांना कळतं!"

पेराक नदीच्या काठावरच्या त्या पामतेलाच्या गिरणीत हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस नव्हता. बहारोम ते सकाळी चहाबरोबर म्हणायचा, दुपारी भाताबरोबर म्हणायचा, आणि ऐकायला कुणी नसलंच तर यंत्रांनाच म्हणून दाखवायचा. सात यंत्रं होती त्याच्याकडे. तळहाताएवढी, पिवळीधमक, चिमट्यानं छातीवर लावायची. हवेत काही विषारी मिसळलं की ती किंचाळायची, थरथरायची, लाल डोळे मिचकवायची. संध्याकाळी बहारोम एकेक यंत्र पुसून चार्जिंगच्या कपाटात ठेवायचा, तेव्हा त्याचा चेहरा पिलं पंखाखाली घेणाऱ्या कोंबडीसारखा मायाळू व्हायचा.

"दाजी, अंगाई पण म्हणता का हो त्यांना?" सेमान विचारायचा. हा सेमान म्हणजे बहारोमच्या बायकोचा धाकटा भाऊ. गिरणीतल्या टाक्यांत उतरून गाळ उपसायचं काम त्याचं. तोंड सदा उघडं आणि कान सदा बंद.

"हस! ज्या दिवशी हे ओरडेल ना, त्या दिवशी बत्तीशी आत जाईल."

"ओरडलं की मी वर. सोपं आहे."

"सोपं नाही! आधी बघायचं, कुठली ओळ ओरडतेय. चार ओळी आहेत. पहिली प्राणवायूची, दुसरी पेट घेणाऱ्या वायूची, तिसरी कार्बन मोनॉक्साइडची, आणि चौथी..."

"सडक्या अंड्यांची! पाठ झालंय, दाजी. बहिणीच्या लग्नापासून ऐकतोय."

बहारोमच्या सहीशिवाय गिरणीतल्या कुठल्याही टाकीत कुणी पाय टाकू शकत नसे, कारण त्याच्याकडे सरकारी कार्ड होतं, गॅस तपासनिसाचं. त्या कार्डाची मुदत गुरुवारी संपत होती, आणि गुरुवारीच इपोह शहरातून अधिकारी बाई तपासणीला येणार होत्या. कार्ड राहिलं तर तो 'पाक बहारोम', सगळ्यांनी आदरानं हाक मारावी असा. कार्ड गेलं तर त्रेपन्नाव्या वर्षी पुन्हा आकडी घेऊन लॉरीवरून पामचे घड ओढायचे. आणि गुडघे तर नमाजातून उठतानाच पापड मोडल्यासारखे वाजायचे!

तरी त्याला चिंता नव्हती. "बाई येतील, बघतील, सही करतील," तो म्हणाला. "दहा मिनिटांचं काम!"

बुधवारी संध्याकाळी घरी गेला तर बायको, कल्सुम, चुलीपाशी मडकं मांडीवर घेऊन बसलेली. आजारी लेकराला घ्यावं तसं.

"अहो, हात लावून बघा. थंडगार! दोन दिवस झाले, मडकं हललं नाही आणि आतला भातही हलला नाही."

मडक्यात तापाई होती. चिकट भात शिजवायचा, निववायचा, वर विरजणाची पूड भुरभुरायची आणि झाकून ठेवायचा. ऊब मिळाली की तो आत आपल्याशीच कुजबुजत गोड होतो, रसाळ होतो. ऊब मिळाली नाही की रुसतो. आठवडाभर आभाळ भरलेलं, भिंती ओल्या, चूलसुद्धा कुरकुरत पेटत होती. आणि शुक्रवारी लेकीची, मेलातीची, मागणी!

"गेल्या वेळी आंबट झाली तर तिची होणारी सासू काय म्हणाली, आठवतंय?" कल्सुमचे डोळे भरून आले. "म्हणाली, लोणचं छान झालंय. माझ्या तापाईला लोणचं म्हणाली हो ती!"

 त्याच क्षणी बहारोमला एक कल्पना सुचली. गिरणीत एक जागा होती, रात्रभर उबदार, कोरडी, कुलूपबंद! सात चार्जर तापायचे तिथं. आत हात घातला तर अंडी उबवणाऱ्या कोंबडीच्या पोटाखाली घातल्यासारखा वाटायचा.

"आण इकडं," तो म्हणाला. "माझ्या कपाटात ठेवतो. सकाळपर्यंत मधासारखी होईल!"

कल्सुमनं मडक्याला फडकं बांधलं, गाठीवर गाठ मारली. "हे बघा, झाकण उघडायचं नाही. आणि उद्या संध्याकाळी घरी आणेपर्यंत कुणाजवळ हिचं नाव काढायचं नाही. नाव फुटलं की गोडी उडते. आई माझी रस्ताभर तोंडात पान धरून चालायची." मग मडक्यावर हात फिरवत ती हलकेच गुणगुणली,

"नदीकाठी बांबू वाकला, पाण्यावरती सावली,
झाकण नको उघडू, राया, गोडी आत झोपली."

तर अशी ती झोपलेली गोडी बहारोमनं सायकलवरून गिरणीत नेली. वरच्या कप्प्यात सात यंत्रं, खालच्या कप्प्यात मडकं. दार लावलं. आणि ऊब निसटू नये म्हणून दाराच्या फटीत वर्तमानपत्र कोंबलं. चांगलं चार पानांचं!

गुरुवारी सकाळी तो सगळ्यांच्या आधी आला. मडकं काढून टेबलाखाली सरकवलं, समोर फायलींची चळत लावली. मडक्याला हात लावला तर काय, कोमट! आत जीव आल्यासारखं. बहारोमनं ठेवणीतल्या शर्टाची बटणं नीट केली.

अधिकारी बाई आल्या, पुआन हसलिंडा; पुआन म्हणजे बाईसाहेब. ठेंगण्या, चापूनचोपून रुमाल बांधलेल्या, आणि डोळे असे की समोरच्यानं न केलेले गुन्हेही कबूल करावेत. सोबत गिरणीचा व्यवस्थापक लियाँग, ज्याला सगळे तौके, म्हणजे शेठ, म्हणायचे. बाहेर पामच्या घडांनी भरलेल्या अकरा लॉऱ्या उभ्या होत्या आणि तौकेचा जीव त्या लॉऱ्यांत अडकला होता. घड रात्रीत उकडले नाहीत तर तेल नासतं.

"लवकर आटपा हं, पुआन," तौके म्हणाला.

"दहा मिनिटांचं काम!" बहारोम म्हणाला आणि त्यानं पहिलं यंत्र चालू केलं.

यंत्र किंचाळलं.

दुसरं चालू केलं. तेही किंचाळलं! तिसरं, चौथं, सातवं... सातही यंत्रं एकदम अशी कोकलायला लागली, जणू कुणी मांजरांची पंगत पेटवून दिली होती!

बहारोमचा चेहरा पांढराफटक झाला. पण पोटात, खोल कुठंतरी, अभिमानाची एक लहर उठलीच. "बघितलंत, पुआन? डासाचा ढेकर!" आणि तो ओरडत सुटला, "गॅस! गॅस! सगळे बाहेर! वीज तोडा!"

भोंगा वाजला. नियमाप्रमाणे वीज तोडली. पट्टे थांबले, पंखे थांबले. दीडशे माणसं जमायच्या जागी, मोठ्या झाडाखाली धावली. बहारोमनं यंत्र वर धरलं. कीं कीं कीं कीं!

"इथंही आहे! फाटकाकडं चला!"

फाटकापाशी, कीं कीं कीं! "इथंही! रस्त्यावर!"

रस्त्यावरही तेच. मग दीडशे माणसं फुटबॉलच्या मैदानावर. कँटीनवाली केळ्याच्या भज्यांची कढई डोक्यावर घेऊन पळत होती, लॉरीवाले लॉऱ्या टाकून पळत होते, आणि सगळ्यात पुढं बहारोम, हातात किंचाळणारं यंत्र घेऊन.

"बहारोम," तौके धापा टाकत म्हणाला, "हा गॅस पगार मागायला आलाय का? आपण जाऊ तिथं मागं मागं येतोय!"

"फार मोठी गळती आहे, तौके! जिल्हाभर असेल!"

 पुआन हसलिंडांनी पिशवीतून स्वतःचं यंत्र काढलं. चालू केलं. ते गप्प. चारही ओळी शांत, तान्ह्या बाळासारख्या.

"माझं झोपलंय," त्या म्हणाल्या. "तुमचीच का रडताहेत, पाक बहारोम? आणि सातही जणांची तिसरीच ओळ वर आहे. गंमत आहे, नाही?"

बहारोमनं यंत्र नाकाशी नेलं. आणि मंडळी, त्याच्या पायाखालचं मैदान सरकलं! यंत्राला वास येत होता. गोड, उबदार, किंचित झिंग आणणारा. लेकीच्या मागणीचा वास! रात्रभर मडक्यातून मद्याच्या वाफा उठल्या होत्या, कोंबलेल्या वर्तमानपत्रानं त्या आतच अडवल्या होत्या, आणि सातही यंत्रांनी त्या छातीभरून ओढल्या होत्या. मशिदीच्या समितीवर असलेल्या, उभ्या जन्मात दारूच्या दुकानासमोरून न गेलेल्या माणसाची सात यंत्रं सकाळी आठ वाजता झिंगली होती!

"खेळणी बिघडलीत!" तौके गरजला. "गॅसबिस काही नाही! चला, वीज जोडा, कामाला लागा सगळे! माझे घड सडताहेत!"

माणसं हसत, भजी खात पांगली, सेमान तर एक रडणारं यंत्र छातीवर लावूनच निघाला. पुआन हसलिंडा मात्र बहारोमला म्हणाल्या, "ऑफिसात चला. यंत्रांचा उलगडा होईपर्यंत कुणी टाकीत उतरायचं नाही." पण ते ऐकायला तिथं तौके आणि बहारोम सोडून कुणी उरलंच नव्हतं.

ऑफिसात त्या समोर बसल्या. टेबलावर कार्ड. टेबलाखाली मडकं. बहारोमचा अंगठा मडक्याला लागला, तसा त्यानं चटका बसल्यासारखा पाय मागं घेतला.

"यंत्रं रात्री कुठं होती?"

"कपाटात, पुआन."

"कपाटात आणखी काय होतं?"

 सांगावं, तर कार्ड गेलं. शिवाय नाव फुटलं, गोडी उडाली, आणि उद्या ती बाई पुन्हा लोणचं म्हणणार! न सांगावं, तर समोर हे डोळे.

"वर्तमानपत्र," तो म्हणाला.

"वर्तमानपत्र."

"चार पानांचं."

पुआननी पेनाचं टोपण काढलं. "पाक, मी बारा वर्षं ही कामं करतेय. वर्तमानपत्रानं यंत्र रडत नाही. बातम्या कितीही वाईट असल्या तरी." त्यांनी पेन कार्डाजवळ आणलं. "शेवटचं विचारते."

बहारोमनं नजर चुकवायला खिडकीबाहेर पाहिलं. अंगणापलीकडं गाळाची टाकी, तीन माणसं उंच. तिच्या पायथ्याशी फळी. टाकीत उतरणाऱ्यानं आपल्या नावाचा बिल्ला त्या फळीवर अडकवायचा, वर आला की काढून घ्यायचा. फळीवर एक लाल बिल्ला लोंबत होता.

लाल बिल्ला सेमानचा. सहीची वाट न बघताच तो उतरला होता.

आणि टाकीवरचा पंखा, आत ताजी हवा ढकलणारा, फिरत नव्हता. गिरणीची वीज परत आली होती. पण तो पंखा हातानं चालू करावा लागे. वीज तोडायला कोणी लावली होती? बहारोमनं. खोट्या गॅससाठी!

खुर्ची उलटी पडली. तो धावला. टेबलावरचं पुआनचं यंत्रसुद्धा त्यानं मुठीत उचललं, विचारलं नाही. पंख्याचा खटका वाटेतच लागला. तो दाबला आणि शिडी चढला. गुडघे वाजत होते की नाही, कुणास ठाऊक.

वर झाकणापाशी तंगराजू बसला होता, आतल्या माणसावर लक्ष ठेवायला नेमलेला. तिपाईवरून सेमानच्या पट्ट्याचा दोर आत गेला होता. खालून अंधारातून आवाज येत होता. कीं कीं कीं कीं!

"ऐका, पाक!" तंगराजू हसून लोळत होता. "दहा मिनिटं झाली, गातंय! सेमान म्हणतो, दाजींचं यंत्र त्याच्याहून चांगलं गातं!"

"वर ये!" बहारोम भोकात ओरडला. "सेमान, वर ये!"

"आलो, आलो! दोन बादल्या राहिल्यात," खालून आवाज आला. "आज लवकर सुटायचंय. ताईनं खुर्च्या आणायला सांगितल्यात."

"यंत्र बघ! कुठली ओळ आहे?"

"बिघडलंय ना ते! तौके म्हणाले!"

"बिघडलंय, पण सगळं नाही! ओळ बघ!"

"अहो दाजी, काही नाही इथं. मघाशी जरा सडक्या अंड्यांचा वास येत होता." सेमान थांबला. "आता तोही गेला."

 वास गेला म्हणजे तो वायू गेला असं नसतं. तो वाढतो, तेव्हा नाक मरतं. बहारोमनं दोराला हिसका दिला. दोर ताठ झाला आणि अडला. खाली त्या गड्यानं शिडीची पायरी घट्ट धरली होती!

"सोड पायरी, गाढवा!"

"आधी सांगा, बिघडलंय की नाही?" आवाज जरा जड येत होता. "सकाळी म्हणता गॅस आहे, मग नाही, मग आहे. खरं काय ते एकदा सांगा तरी."

बहारोमनं डोळे मिटले. मडकं दिसलं, फडक्याच्या गाठी दिसल्या, टेबलावरचं कार्ड दिसलं. मग त्यानं टाकीच्या भोकात तोंड घातलं आणि सगळी छाती रिकामी केली,

"तापाईऽऽ! तुझ्या ताईची तापाई! मी रात्री कपाटात ठेवली! तिच्या वाफेनं यंत्रांना चढलीय! पण तापाईनं तिसरी ओळ नाचते, सेमान! चौथी नाही! चौथी खोटं बोलत नाही! चौथी बघऽऽ!"

रिकामी लोखंडी टाकी ती! तिनं ते शब्द गिळले, घोळवले आणि मशिदीच्या कर्ण्यासारखे सगळ्या गिरणीवर उधळले. तापाई... ताईची तापाई... यंत्रांना चढलीय... घड उकडणारी माणसं थांबली. लॉरीवाले थांबले. कँटीनवालीच्या हातून झारा पडला. तौकेनं आकाशाकडं पाहिलं.

खाली अंधारात यंत्राचा लाल डोळा हलला.

"चौथी," सेमानचा आवाज आला, एकदम लहान मुलासारखा. "दाजी, चौथीवर... चौऱ्याऐंशी. दहालाच पळायचं असतं ना?"

"पायरी सोड!"

पायरी सुटली. बहारोम आणि तंगराजू तिपाईच्या चरखीला भिडले. दोर करकरत वर आला, आणि दोराबरोबर सेमान, पाय लटपटत, डोळे तांबडे, मान कलती. उन्हात पडला, दोनदा खोकला, तिसऱ्यांदा ओकला. आणि पहिला शब्द काढला तो असा, "ताई तुम्हाला मारणार."

बहारोमनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला.  

पुआन हसलिंडा शिडी चढून आल्या. बहारोमच्या मुठीतून आपलं यंत्र काढून घेतलं, दोरीनं आत सोडलं, वर ओढलं, आकडा पाहिला.  आधी सेमानला दवाखान्यात धाडलं. मग म्हणाल्या, "मडकं कुठंय?"

"तुमच्या खुर्चीसमोर होतं, पुआन. टेबलाखाली."

"हं. मला वाटलं, कुणी अत्तर लावलंय." त्यांनी कार्ड पिशवीत टाकलं. "हे मी घेऊन चाललेय. तीन महिने. तोवर घड ओढा. मग इपोहला या, पुन्हा शिकवणीला बसा, पुन्हा परीक्षा द्या." दोन पायऱ्या उतरून त्या थांबल्या. "तुम्ही गप्प राहिला असतात तर कदाचित मी सही केली असती. आणि तो..." 

शुक्रवारी पाहुणे आले. कल्सुमनं झाकण उघडलं, बोट लावून चाखलं, आणि नवऱ्याकडं असं पाहिलं की त्यानं छपराचे वासे मोजायला घेतले. आंबट! दात आंबावेत अशी!

"कुणाजवळ बोललात?"

"कुणाजवळ नाही. टाकीजवळ."

होणारी सासू वाटीकडं बघत तोंड उघडणार, तेवढ्यात दवाखान्यातून सकाळीच सुटलेला सेमान पुढं झाला. त्यानं वाटी उचलली, ओठांना लावली, रिकामी केली. दुसरी केली. तिसरी केली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"गोड," तो म्हणाला. "ताई, जन्मात इतकी गोड खाल्ली नाही."

मग सासूबाई काय बोलणार?

तीन महिने बहारोमनं घड ओढले. गुडघ्यांनी काय काय ऐकवलं ते सांगत नाही. मग तो इपोहला गेला, विशीतल्या पोरांमध्ये पहिल्या बाकावर बसला. गुरुजी चष्म्यातले, तरुण, बोलके. पहिल्याच दिवशी म्हणाले, "एका गिरणीत एक तपासनीस होता. नाव सांगत नाही. त्यानं यंत्रांच्या कपाटात आंबवलेला भात ठेवला!" वर्ग हसून लोटपोट. बहारोमही हसला. जरा उशिरा, पण हसला.

परीक्षेत दहा गुणांना तोच प्रश्न आला! 'वरील घटनेत तपासनिसाच्या चुका सांगा.' बहारोमच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हा प्रश्न तर त्याच्या घरचा! त्यानं दोन पानं भरून लिहिलं, अगदी मडक्याच्या गाठींपासून सासूबाईंच्या वाटीपर्यंत.

कार्ड परत मिळालं. एका गुणानं वाचला! कारण त्या प्रश्नाला दहापैकी फक्त तीन गुण होते. गुरुजींच्या आदर्श उत्तरात तपासनिसाच्या आठ चुका मोजलेल्या होत्या, बहारोमला दोनच आठवल्या होत्या. आणि समासात लाल शाईनं शेरा होता:

'उमेदवाराला या घटनेची पुरेशी माहिती दिसत नाही.'